बेणे थकते म्हणजे काय? उसाच्या रोगांची ओळख कशी पटत गेली, त्याची गोष्ट

उसाचा वाण नवा असतो तेव्हा कांडी जाड पडते, फुटवा जोमदार येतो, एकरी टनेजही चांगले पडते. मग तेच बेणे आपण आपल्याच फडातून दहा-बारा वर्षे लावत राहतो. कांडी बारीक होते, पेरी आखूड पडतात, खोडवा तर विचारूच नका. मग आपण म्हणतो, "बेणं थकलं. वाण उतरला." को ४१९ बद्दल आपल्या आजोबांनी हेच म्हटले, को ७४० बद्दल वडिलांनी म्हटले, आणि आता को ८६०३२ बद्दल आपण म्हणतो.

पण ऊस म्हणजे काही बैल नव्हे, की वय झाले आणि थकला. उसाचे बेणे म्हणजे त्याच झाडाचा तुकडा. तो डोळा फुटला की पुन्हा तोच ऊस उभा राहतो. मग त्याचे बळ जाते कुठे? याचे पुरते उत्तर मिळायला शंभराहून जास्त वर्षे लागली. जमिनीची धूप, पाणी, खत ही कारणे आहेतच. पण एक मोठे कारण डोळ्यांना न दिसणारे आहे: बेण्यात भिनलेले दुखणे. ते कसे ओळखले गेले, आणि ओळख पटल्यामुळे आपल्या हाती काय आले, तेच या पत्रकात सांगायचे आहे.

न दिसणारा रोगकारक

तंबाखूच्या पानांवर हिरवे-पिवळे ठिपके पाडणारा एक रोग होता. १८९२ साली रशियातील शास्त्रज्ञ इव्हानोव्हस्की यांनी रोगट पानांचा रस अशा गाळणीतून गाळला, की जिच्यातून बारीकात बारीक जीवाणूही पार होत नाही. तरी गाळलेल्या रसाने निरोगी झाडाला रोग झालाच. पुढे १८९८ मध्ये हॉलंडचे बायरिंक यांनी या अदृश्य रोगकारकाला वेगळे मानले आणि 'व्हायरस' हे नाव दिले. आपण त्याला विषाणू म्हणतो.

योगायोग असा, की त्याच १८९२ साली जावा बेटावर उसाच्या पानांवर पिवळसर पट्टे दिसल्याची नोंद झाली. तोच पुढे उसाचा मोझॅक, म्हणजे केवडा रोग म्हणून ओळखला गेला. हा रोग बेण्याबरोबर जहाजात बसून देशोदेशी गेला. बेणे घेणाऱ्याला वाटे, आपण नवा वाण आणला. पण वाणाबरोबर रोगही आला होता. १९२० च्या सुमारास अमेरिकेतील ब्रँडीस यांनी दाखवून दिले, की मक्यावरचा मावा हा रोग एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. म्हणजे रोगाला दोन वाटा: लांबचा प्रवास बेण्यातून, जवळचा प्रवास माव्यावरून. या दोन वाटा आपण ध्यानात ठेवाव्यात, कारण पुढची सगळी गोष्ट त्यांच्याभोवती फिरते.

त्या काळी विषाणू दिसत नव्हता, पण इलाज मात्र गवतातून सापडला. जावात रानटी उसाचे रक्त मिसळून रोगाला दाद न देणारे वाण काढले गेले. आपल्याकडे १९१२ साली कोइमतूरला ऊस पैदास केंद्र सुरू झाले, आणि तिथे जाड उसाचा संकर चक्क काशा गवताशी करून को २०५ हा वाण १९१८ मध्ये देण्यात आला. ओढ्याकाठचे काशा गवत आपण उपटून टाकतो, पण आपल्या 'को' वाणांच्या अंगात त्याचे रक्त आहे.

बेलापूरचा गवताळ ऊस

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. १९४९ साली तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात बेलापूर येथे उसाचा एक विचित्र रोग नोंदला गेला. बेटातून ऊस वर न जाता गवतासारखे बारीक-बारीक फुटवे झुपक्याने यायचे. पाने अरुंद, कित्येकदा पांढरी फटक. बेटाला गाळपालायक ऊस धरतच नसे. यालाच आपण गवताळ वाढ म्हणतो. लागणीत चार बेटे दिसतात, आणि खोडव्यात तीच चाळीस होतात. हा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांना असेल.

बुरशी सापडेना, जीवाणू वाढवता येईना, आणि रोग बेण्यातून पसरतो. तेव्हा विद्वानांनी त्याला विषाणूंच्या यादीत बसवले. त्या वेळच्या ज्ञानाप्रमाणे ते योग्यच होते. पण १९६७ साली जपानमध्ये तुतीच्या अशाच एका खुजेपणाच्या रोगाचा अभ्यास चालू होता. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली झाडाच्या रसवाहिन्यांत विषाणू दिसले नाहीत. दिसले ते भिंत नसलेले अगदी बारीक जीवाणूसारखे जीव. आणि टेट्रासायक्लीन हे औषध दिले की लक्षणे दबत. विषाणूवर त्या औषधाचा काही परिणाम होत नाही. त्यामुळे जगभर अशा रोगांकडे पुन्हा नव्याने पाहण्यात आले, आणि आपला गवताळ वाढीचा रोगही विषाणूंच्या यादीतून बाहेर पडला. अशा जीवांना आता फायटोप्लाझ्मा म्हणतात. (ते औषध शेतात वापरण्यासाठी नव्हे, ते केवळ ओळख पटवण्यापुरते होते.)

तुम्ही म्हणाल, "साहेब, नाव काही का असेना, ऊस तर गेलाच ना?" थांबा. नाव बदलले की इलाजही बदलतो. बेण्याला ५४ अंश सेल्सिअसच्या दमट गरम हवेत अडीच तास ठेवले, तर गवताळ वाढीचा जीव बऱ्याच अंशी मरतो आणि डोळा जिवंत राहतो. पण आता ज्या पिवळ्या पानाच्या रोगाविषयी बोलायचे आहे, त्याचा विषाणू या उष्णतेला पुरून उरतो. बाष्प प्रक्रिया केली, खर्च केला, आणि रोग तसाच राहिला असे का होते, ते रोगाची खरी ओळख पटल्यावरच कळते.

अक्षरे वाचण्याची विद्या

आपल्या दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग-कुडल आहे. तिथल्या संगमेश्वर मंदिराच्या तुळईवर शके ९४०, म्हणजे सन १०१८ मधला मराठी लेख कोरलेला आहे. शेकडो वर्षे लोक त्याखालून ये-जा करत होते. अक्षरे होतीच, पण ती वाचणारा भेटेपर्यंत मुकी होती. सोलापूरचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो लेख वाचला, आणि मराठीच्या आरंभकाळाचा एक पक्का पुरावा हाती आला.

प्रत्येक जिवाच्या आतही असाच एक लेख असतो. त्याची अक्षरे चारच. त्यांचा क्रम बदलला की जीव बदलतो. या साऱ्या लेखाला शास्त्रज्ञ जीनोम म्हणतात. आपण त्याला त्या जिवाची पोथी म्हणू. ज्वारीची पोथी सुमारे ७३ कोटी अक्षरांची आहे. ती २००९ साली वाचून प्रसिद्ध झाली. विषाणूची पोथी त्यामानाने अगदी छोटी, काही हजार अक्षरांची. विषाणू म्हणजे तरी काय? प्रथिनाच्या वेष्टनात गुंडाळलेली एक चिठ्ठी. ती चिठ्ठी झाडाच्या पेशीत शिरते आणि पेशीला सांगते, "तुझे काम सोड, माझ्या नकला काढ."

ही अक्षरे वाचण्याची सोयीची रीत इंग्लंडच्या सँगर यांनी १९७७ मध्ये दिली. १९८० साली फुलकोबीच्या मोझॅक विषाणूची पूर्ण पोथी वाचली गेली, सुमारे आठ हजार अक्षरांची. १९८२ साली तंबाखूच्या त्या मूळ विषाणूची वाचली, ती ६,३९५ अक्षरांची. इव्हानोव्हस्कींच्या गाळणीतून जो निसटला, तो असा नव्वद वर्षांनी अक्षरशः उलगडला.

वाचतात कसे? समजा, एकाच पोथीच्या शंभर प्रती आहेत आणि त्या सगळ्या वेगवेगळ्या ठिकाणी फाटल्या आहेत. एका तुकड्याचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात यांत काही ओळी सारख्या असतात. त्या जुळवत गेले की पूर्ण पोथी लागते. रोगट पानातून विषाणूची चिठ्ठी वेगळी करायची, तिच्या पुष्कळ नकला काढायच्या, तुकडे वाचायचे आणि असे जुळवायचे. पूर्वी या कामाला वर्षे लागत. आता यंत्रे आली आहेत, आणि काम दिवसांवर आले आहे.

पिवळे पान

१९८९ च्या सुमारास हवाई बेटांवर उसाच्या पानाची मधली शीर पिवळी पडते असे दिसले. १९९३ पासून ब्राझीलमध्ये एस.पी. ७१-६१६३ या वाणावर हाच रोग जोरात आला आणि काही फडांत उत्पादन निम्म्यापर्यंत घटले. कुणी म्हणे जमिनीचा दोष, कुणी म्हणे अन्नद्रव्यांची कमतरता. शेवटी विषाणू सापडला. भारतात कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये या रोगाची नोंद केली.

२००० साली त्याची पूर्ण पोथी वाचली गेली. अक्षरे सुमारे ५,९००. विषाणूचा कण एवढा लहान, की एका मिलिमीटरचे चाळीस हजार भाग केले तर त्यातला एक. पोथी वाचल्यावर एक नवल दिसले. तिचा पहिला भाग बटाट्याची पाने गुंडाळणाऱ्या विषाणूसारखा, मधला भाग बार्ली आणि गव्हासारख्या गवतवर्गीय पिकांना पिवळे करून खुजे ठेवणाऱ्या विषाणूसारखा, आणि शेवटचा भाग वाटाण्याच्या एका विषाणूसारखा. म्हणजे कधीकाळी एकाच झाडात दोन-तीन विषाणू एकत्र आले आणि त्यांच्या चिठ्ठ्यांचे तुकडे एकमेकांत मिसळले, असा शास्त्रज्ञांचा निष्कर्ष आहे. जुन्या तीन लुगड्यांचे तुकडे जोडून गोधडी शिवावी, तसा हा विषाणू.

पुढे देशोदेशीचे नमुने वाचून त्यांचे गट पाडले गेले: ब्राझीलचा, पेरूचा, क्युबाचा, रियुनियन बेटाचा, आणि भारताचा स्वतःचा एक वेगळा गट. आपल्याकडच्या काही नमुन्यांचे नाते मात्र क्युबाच्या गटाशी लागले. मावा काही समुद्र ओलांडून येत नाही. बेण्यातून विषाणू देशोदेशी फिरतो, हे जावाच्या काळी अंदाजाने सांगत होते. आता ते अक्षरांवरून ताडून पाहता येते.

या वाचनातून आपल्या कामाची गोष्ट निघाली ती अशी. पोथीतली ओळ माहीत झाली की त्या ओळीचा शोध घेणारी चाचणी करता येते. पान हिरवेगार दिसत असले, तरी आत विषाणू आहे की नाही हे प्रयोगशाळेत कळते. कोइमतूरला अशा चाचण्या करून पाहिले, तेव्हा 'थकलेल्या' वाणांच्या बेण्यात हा विषाणू भरलेला आढळला, आणि विषाणूमुक्त रोपांपासून तोच वाण पुन्हा जोमदार वाढला. वाण थकला नव्हता. त्याच्या अंगात दुखणे साचले होते.

माव्याचे आणि ज्वारीचे नाते

पिवळ्या पानाचा विषाणू ज्या माव्यावर स्वार होतो, तो आपल्या ओळखीचा आहे. रब्बी ज्वारीवर चिकटा पडतो, पाने मधासारख्या द्रवाने चमकतात, त्यामागे असतो तोच हा मावा. मोझॅकचा विषाणू माव्याच्या सोंडेला लागून थोडाच वेळ टिकतो. पिवळ्या पानाचा मात्र एकदा पोटात गेला की मावा पुष्कळ दिवस त्याचा वाहक राहतो. कोयत्याने हा रोग पसरत नाही.

आपला जिल्हा मालदांडीचा. मोहोळच्या केंद्रातून निघालेला एम ३५-१ हा ज्वारीचा वाण सर्वांना ठाऊक आहे. ऊस, ज्वारी, मका ही सगळी गवताच्याच कुळातली भावंडे, म्हणून त्यांची दुखणीही सामाईक असू शकतात. १९७८ साली परभणीच्या शास्त्रज्ञांनी महाराष्ट्रातील ज्वारीवर थंडीत लाल पट्टे पाडणारा रोग नोंदला आणि तो उसाच्या मोझॅक विषाणूचा प्रकार असल्याचे सांगितले. त्या काळी गवतवर्गातील असे बरेच विषाणू 'ऊस मोझॅक' या एकाच नावाखाली घातले जात. १९८९ मध्ये त्यांच्या वेष्टनाची बारकाईने तुलना झाली, आणि एक समजला गेलेला विषाणू प्रत्यक्षात चार निघाले: उसाचा, ज्वारीचा, मक्याचा आणि जॉन्सन गवत या ज्वारीच्या रानटी भाऊबंदाचा. नंतरच्या अक्षरवाचनाने ही वाटणी पक्की झाली. पिवळ्या पानाचा विषाणूही अमेरिकेतील फ्लोरिडात ज्वारीच्या नात्यातील एका रानगवतात सापडला आहे. बांधावरचे गवत म्हणजे नुसता कचरा नव्हे. पीक नसते तेव्हा मावा आणि विषाणू तिथे मुक्काम करू शकतात.

बेलापूरची गोष्ट पुण्यात पुरी झाली

गवताळ वाढीच्या जिवाचे काय झाले? तो प्रयोगशाळेतल्या बशीत वाढत नाही, म्हणून त्याला पक्के नावच देता येत नव्हते. शेवटी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील शास्त्रज्ञांनी उसातूनच त्याची पोथी वाचली. ती सुमारे पाच लाख अक्षरांची भरली. २०२१ मध्ये त्याला उसाच्या नावाने स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. बेलापूरला १९४९ मध्ये दिसलेल्या रोगकारकाला असे बहात्तर वर्षांनी, आपल्याच राज्यात नाव मिळाले.

मग आपण काय करायचे?

विषाणूवर फवारायचे औषध नाही. कुणी बाटली दाखवून "यानं व्हायरस जातो" म्हणाला, तर पैसे खिशातच ठेवा. उपाय बेण्यात आहे.

पिवळ्या पानाचा विषाणू उसाच्या रसवाहिन्यांत राहतो. शेंड्याच्या अगदी टोकाला, तांदळाच्या कणीपेक्षाही लहान अशा कोंबात, या वाहिन्या अजून तयार झालेल्या नसतात. तो कोंब काढून काचेच्या नळीत वाढवला की बहुधा विषाणूमुक्त रोप मिळते. यालाच ऊतीसंवर्धन म्हणतात. चाचणी करून निवडलेल्या अशा रोपांपासून आधी मूलभूत, मग पायाभूत, मग प्रमाणित असे बेणे तयार करतात. हाच त्रिस्तरीय बेणेमळा. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र या कामासाठी आपल्याला जवळची आहेत. आपल्या कारखान्याच्या ऊस विकास विभागाकडेही बेणेमळ्याची चौकशी करता येते.

हे ध्यानात ठेवा:

१. पान पिवळे दिसले की लगेच विषाणू म्हणू नका. आपल्या चुनखडीच्या जमिनीत लोह कमी पडले, तर कोवळी पाने पिवळी होतात आणि शिरा मात्र हिरव्या राहतात. तिथे शेणखतात मुरवलेले हिराकस उपयोगी पडते. विषाणूच्या रोगात उलटे असते: आधी मधली शीर पिवळी, बाकी पान हिरवे. ऊस सहा-आठ महिन्यांचा झाला की वरून तिसऱ्या ते सहाव्या पानाची खालची बाजू उलटून पाहा. पुढे पाने टोकाकडून वाळतात, शेंड्याची पेरी आखूड पडतात आणि पाने झुपक्याने येतात.

२. खोडव्याचे आणि ओळख नसलेल्या फडातले बेणे लावू नका. गाडीभाडे वाचते म्हणून शेजारच्या गावातून किंवा नदीपलीकडून मिळेल ते बेणे आणण्याची सवय महागात पडते. बेण्याचा फड आधी स्वतः चालून पाहा.

३. बेण्यासाठी दर तीन-चार वर्षांनी नवे प्रमाणित बेणे आणा. सगळ्या रानाला एकदम परवडत नसेल, तर दहा गुंठ्यांत ऊतीसंवर्धित रोपे लावा आणि पुढच्या वर्षी त्यातूनच आपले बेणे करा.

४. गवताळ वाढीची बेटे दिसताच मुळासकट काढून नष्ट करा. प्रमाण जास्त असेल तर त्या फडाचा खोडवा ठेवू नका.

५. बेणेमळा ज्वारीच्या लगत ठेवू नका. बांध स्वच्छ ठेवा. मावा वाढला तर कृषी सहायकाला विचारून चालू शिफारशीचेच औषध वापरा. तेही माव्यासाठी, विषाणूसाठी नव्हे.

शेतकरी बंधू-भगिनींनो, ऊस एकदा लावला की लागण आणि त्यामागून दोन-तीन खोडवे, अशी चार वर्षे आपण त्याच बेण्याच्या भरवशावर असतो. उजनीचे पाणी, खत, मजुरी, सोसायटीचे कर्ज, सगळे त्या एका डोळ्यावर लावलेले असते. म्हणून येत्या लागणीला बेणे घेताना किंमत विचारायच्या आधी एवढे जरूर विचारा: "हे बेणं कुठल्या मळ्यातलं, आणि किती वर्षांचं?"